सुटला, सोडला आणि जीवदान

बेसिंगस्टोकचं नाव काढलं की लंडनच्या आमच्या मित्रमंडळींना दोनच गोष्टी आठवतात. एक, वॉटर्लूहून येणारी ट्रेन आणि दुसरी, राउंडअबाउट. गावात इतके गोल चौक आहेत की इथले लोकच गमतीनं त्याला 'डोनट सिटी' म्हणतात. पाहुणे येतात, तीन चौक चुकतात, फोन करतात आणि चौथ्या चौकातून परत पहिल्यावर जातात. पण मंडळी, क्रिकेटवेड्या मराठी माणसानं या गावाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला हवं. गावात 'मेज बाउंटी' नावाचं सुंदर मैदान आहे. जॉन मे नावाच्या इथल्या ब्रुअरनं एकोणिसाव्या शतकात ते विकत घेतलं, म्हणून त्यावर घरं उभी राहिली नाहीत. हॅम्पशायर काउंटीचे सामने तिथे कित्येक वर्षं होत असत. आणि याच गावात १९१४ मध्ये जॉन आर्लॉट जन्मले. त्यांच्याकडे मी नंतर येतेच.

आमचा क्लब मात्र वेगळा, अगदी साधा. इथे मुलगा क्रिकेट खेळतो म्हणजे आईबापांना काम लागतंच. कुणी अंपायर होतो, कुणी चहा-सँडविच बघतो, कुणी कव्हरं ओढतो. माझ्या वाट्याला स्कोअरिंग आलं. त्यामुळे एप्रिलअखेरपासून उन्हाळाभर रविवारी सकाळी मी घडीच्या खुर्चीत, मांडीवर स्कोअरबुक आणि अंगावर जॅकेट (जून असला तरी!) अशी बसलेली असते.

स्कोअरबुक ही मोठी शिस्तीची वस्तू आहे. प्रत्येक गोष्टीला खूण. रन नाही, टिंब. वाइड, अधिकचं चिन्ह. नो-बॉल, वर्तुळ. बाय, त्रिकोण. लेगबाय, उलटा त्रिकोण. कुणी कॅच घेतला तर त्याचं नाव गोलंदाजाच्या शेजारी मानानं लिहायचं. पण कॅच सुटला तर? त्याला खूणच नाही. त्या चेंडूवर रन निघाले असतील तर तेवढे लिहायचे, नाहीतर टिंब द्यायचं आणि पुढे जायचं.

कागदावर जागा नाही म्हणून की काय कोण जाणे, सुटलेले कॅच लोकांच्या डोक्यात जाऊन बसतात. पकडलेले शेकडो कॅच विसरले जातात आणि एक सुटलेला पन्नास वर्षं टिकतो.

आता आपल्या भाषेची गंमत बघा. इंग्रजीत एकच शब्द, 'ड्रॉप्ड'. मराठीत तीन आहेत. समोरच्या संघातल्या कुणाच्या हातून गेला किंवा आपल्यातल्याच न आवडत्या खेळाडूच्या हातून गेला, की आपण म्हणतो, "कॅच सोडला." स्वतःच्या हातून गेला की, "कॅच सुटला." आणि वर्तमानपत्र फलंदाजाच्या बाजूनं लिहितं, "जीवदान मिळाले." घटना एकच, पण कर्ता बदलला की न्यायही बदलतो.

या तीन शब्दांचा आमच्या घरात खरोखर उपयोग झाला, तो असा.

गेल्या मोसमात आमच्या तेरा वर्षांखालच्या संघाचा एक सामना शेवटच्या षटकापर्यंत गेला. समोरच्यांची एकच विकेट बाकी, जिंकायला सहा रन. फलंदाजानं चेंडू उंच उडवला. माझा धाकटा मिडविकेटला उभा होता. त्याला धावावंही लागलं नाही. तो चेंडूखाली आला, हात वर केले, आणि चेंडू तळहाताच्या कडेला लागून गवतात पडला. तोवर दोन रन झाले. पुढच्या चेंडूवर चौकार बसला आणि सामना गेला. मी स्कोअरबुकात आधी २ आणि मग ४ लिहिले. माझ्या मुलाचं नाव त्या पानावर कुठेच आलं नाही.

इंग्रज पालक अशा वेळी फार सभ्य असतात. "अनलकी!" असं सगळे एका सुरात ओरडले. पण मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संध्याकाळपर्यंत लोण्याच्या वडीच्या इमोजी येत राहिल्या. पोरगा जेवला नाही. "नेक्स्ट संडे मी येणार नाहीये. एव्हर," एवढंच म्हणाला. तेराव्या वर्षी 'एव्हर' या शब्दाला फार वजन असतं. इथे बरीच मुलं याच वयात खेळ सोडतात आणि एकदा सोडला की परत येत नाहीत. त्या ग्रुपात, त्या मैदानावर तो कसाबसा रुळला होता. शाळा बदलल्यापासून त्याचे जे काही मित्र होते ते तिथलेच. म्हणून मला धास्ती वाटली.

रविवारी बडोद्याला फोन ठरलेला असतो. माझं माहेर दांडिया बाजारातलं, मराठी वस्तीतलं. बाबा आता थकलेत, पण क्रिकेट म्हटलं की ताठ बसतात. नातवाचा पडलेला चेहरा स्क्रीनवर बघून त्यांनी विचारलं, "काय झालं रे?"

"आजोबा, आय ड्रॉप्ड अ कॅच. आम्ही हरलो."

मला वाटलं, बाबा समजूत घालतील. पण त्यांनी थेट चौकशी सुरू केली. किती उंच होता? ऊन कुठून होतं? हात चेहऱ्यासमोर होते की छातीपाशी? बोटं वर होती की खाली? पोरगाही उत्तरं देत गेला. मग बाबा म्हणाले, "म्हणजे सुटला. सोडला नाहीस तू."

"व्हॉट्स द डिफरन्स?"

"सोडायला आधी हातात यावा लागतो. तुझ्या हातात तो आलाच नव्हता."

पोरगा हुशार. लगेच म्हणाला, "पण आजोबा, ही एक्स्क्यूज झाली ना?"

बाबा हसले. "तुला किरण मोरे माहीत आहे?" त्यांनी विचारलं. आणि मी ओळखलं, आता अर्धा तास गेला!

किरण मोरे बडोद्याचे. त्यामुळे १९९० च्या जुलैनंतर आमच्या घरी एक अलिखित नियम होता. बाहेर कुणी काहीही म्हणो, आमच्या घरात "मोरेनं कॅच सोडला" असं म्हणायचं नाही. मी तेव्हा दहा वर्षांची होते. घरात पेपर आला की बाबा पहिल्यांदा मागचं पान उघडत आणि त्या दोन दिवसांत ते पान उघडताना त्यांचा चेहरा उतरत गेलेला मला आठवतो.

झालं होतं असं. २६ जुलै १९९०, लॉर्ड्स. अझरुद्दीननं नाणेफेक जिंकली आणि इंग्लंडला फलंदाजी दिली. कर्णधार ग्रॅहम गूच ३६ वर असताना संजीव शर्माच्या चेंडूवर त्याच्या बॅटची कड लागली. यष्टीमागे मोरे होते. झेल सोपा होता आणि तो सुटला. गूचनं मग ४८५ चेंडूंत ३३३ केल्या. ॲलन लॅम्बनं १३९, आमच्या हॅम्पशायरच्या रॉबिन स्मिथनं नाबाद १००. इंग्लंड ४ बाद ६५३, डाव घोषित. गूचनं दुसऱ्या डावात आणखी १२३ केल्या. एका कसोटीत एका माणसाच्या ४५६ धावा!

आता हिशेब बघा. ३३३ वजा ३६ म्हणजे २९७. भारत हरला २४७ धावांनी. म्हणजे तो एक झेल घेतला असता तर? पारावर, कट्ट्यावर, लोकलमध्ये हे गणित किती वेळा मांडलं गेलं असेल याची गणतीच नाही.

बाबांचं म्हणणं असं की हे गणित पहिलीतल्या मुलाचं आहे. गूच गेला असता तर त्याच्या जागी दुसरा आला असता. त्यानं शून्य केलं असतं की शंभर, कुणाला ठाऊक? नाणेफेक जिंकून गोलंदाजी मोरेंनी घेतली नव्हती. भारताचा दुसरा डाव २२४ मध्ये आटोपला, तो काही मोरे एकट्यामुळे नव्हे. आणि त्याच सामन्यात किती गोष्टी घडल्या! शास्त्रीचं शतक, अझरचे देखणे १२१. फॉलोऑन टाळायला २४ हव्या होत्या, शेवटची जोडी मैदानात, दुसऱ्या टोकाला हिरवाणी. कपिलनं एडी हेमिंग्जला लागोपाठ चार षटकार मारले. पुढे हिरवाणीच्याच गोलंदाजीवर सतरा वर्षांच्या सचिननं लांब धावत जाऊन लॅम्बचा एका हातात झेल घेतला. म्हणजे तीच कसोटी, तेच मैदान, एक झेल सुटला आणि एक अशक्य झेल पकडला गेला. दोन्ही खरं.

"आणि हेच मोरे," बाबा नातवाला सांगत होते, "त्याच्या अडीच वर्षं आधी मद्रासला उभे होते. १९८८ चा जानेवारी. हिरवाणीची पहिली कसोटी, समोर वेस्ट इंडीज. हिरवाणीनं १६ विकेट काढल्या. मोरेंनी सामन्यात ६ जणांना यष्टिचीत केलं, त्यातले ५ एकाच डावात. विश्वविक्रम! तेव्हा त्या चेंडूंचं काय झालं? ते कुणी मोजले?" ४९ कसोटींत ११० झेल आणि २० यष्टिचीत असा मोरेंचा हिशेब आहे. स्कोअरबुकात हे १३० आहेत. लोकांच्या डोक्यात मात्र एकच आहे, जो स्कोअरबुकात नाही.

पोरगा गप्प बसून ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "देन हू ॲक्च्युअली सोडला?"

हा प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर मी दिलं, कारण खरोखर 'सोडला' म्हणावा असा झेल याच देशात, १९९९ च्या वर्ल्डकपमध्ये सांडला. १३ जून, हेडिंग्ले. ऑस्ट्रेलियाला २७२ हव्या होत्या, हरले असते तर स्पर्धेबाहेर. स्टीव्ह वॉ ५६ वर असताना क्लूसनरच्या चेंडूवर सोपा झेल मिडविकेटला हर्शेल गिब्सकडे गेला. चेंडू गिब्सच्या हातात आला होता. आनंदाच्या भरात तो वर उडवायला गेला आणि चेंडू हातातून निसटला. वॉ नाबाद १२०, सामना ऑस्ट्रेलियाचा. चार दिवसांनी उपांत्य सामन्यात हेच दोन संघ बरोबरीत सुटले आणि हेडिंग्लेच्या विजयामुळे गुणतक्त्यात वर असलेला ऑस्ट्रेलिया अंतिम सामन्यात गेला, जिंकला. "तू वर्ल्डकप टाकलास" असं वॉ गिब्सला म्हणाला अशी दंतकथा झाली. नेमकं तसं आपण म्हणालो नव्हतो, असं वॉनं नंतर सांगितलं. पण दंतकथेला कोण अडवणार? त्याच सामन्यात त्याच गिब्सनं १०१ धावा काढल्या होत्या, हे मात्र कुणी सांगत नाही. ते स्कोअरबुकात आहे ना, म्हणून!

इंग्लंडमध्ये जुन्या लोकांना विचाराल तर ते आणखी मागे जातील, १९०२ मध्ये, ओल्ड ट्रॅफर्डला. फ्रेड टेट हा ससेक्सचा गोलंदाज, पहिलीच कसोटी. एरवी स्लिपमध्ये उभा राहणारा माणूस, त्याला सीमारेषेवर पाठवलं. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार जो डार्लिंगचा झेल त्याच्या हातून सुटला. शेवटी इंग्लंडला विजयासाठी थोड्याच धावा हव्या असताना शेवटचा फलंदाज म्हणूनही टेटच आला आणि त्रिफळाचीत झाला. इंग्लंड ३ धावांनी हरलं. टेट पुन्हा कधीच कसोटी खेळला नाही. असं सांगतात की तो म्हणाला, घरी माझा एक पोरगा आहे, तो याची भरपाई करेल. तो पोरगा तेव्हा सात वर्षांचा होता. मॉरिस टेट. त्यानं पुढे इंग्लंडसाठी ३९ कसोटींत १५५ बळी घेतले.

गोष्ट फार छान आहे, सगळे आवडीनं सांगतात. मला मात्र ती ऐकताना जरा अस्वस्थ व्हायला होतं. परदेशात आलेल्या आपल्यासारख्यांच्या घरी हे फार घडतं. आपले काही कॅच सुटलेले असतात. कुणाची डॉक्टरकी, कुणाचं गाणं, कुणाचं रणजीत खेळणं. आणि भरपाईची जबाबदारी न विचारता मुलांच्या खांद्यावर जाते. मॉरिसला जमलं म्हणून ती गोष्ट झाली. न जमलेल्या मुलांच्या गोष्टी कुणी लिहीत नाही.

राहता राहिला तिसरा शब्द, जीवदान. इथे मी आमच्या बेसिंगस्टोककडे परत येते.

जॉन आर्लॉट म्हणजे रेडिओवरच्या क्रिकेट समालोचनातला सगळ्यांत लाडका आवाज. जन्म आणि बालपण या गावात, पुढे साउदॅम्प्टनला पोलिसात नोकरी, मग बीबीसी. त्यांच्या समालोचनाची सुरुवात १९४६ मध्ये झाली ती आपल्याच संघाच्या दौऱ्यात. पतौडी, विजय मर्चंट, हजारे, मंकड, सरवटे यांच्या त्या संघाचे सामने त्यांनी हिंदुस्थानातल्या श्रोत्यांसाठी सांगितले होते.

या आर्लॉटना १९५० च्या दशकाअखेरीस केपटाऊनहून पत्रं येऊ लागली. लिहिणारा होता बेसिल डिऑलिव्हेरा. गोरा नसल्यामुळे त्याला दक्षिण आफ्रिकेकडून खेळता येत नव्हतं. आर्लॉटनी खटपट करून १९६० मध्ये लँकेशायरमधल्या मिडलटन क्लबात त्याला जागा मिळवून दिली. तो इथे आला, थंडीत कुडकुडला, धडपडला आणि १९६६ मध्ये इंग्लंडकडून कसोटी खेळला. आपल्यासारखाच स्थलांतरित!

ऑगस्ट १९६८, ओव्हल, समोर ऑस्ट्रेलिया. दुसरा खेळाडू आजारी पडला म्हणून डिऑलिव्हेराला ऐन वेळी संघात घेतलं. तो ३१ वर असताना यष्टिरक्षक बॅरी जार्मनच्या हातून त्याचा झेल सुटला. त्यानं १५८ काढल्या. शेवटच्या दिवशी वेळ संपत आली असताना चिवटपणे टिकून राहिलेल्या जार्मनला डिऑलिव्हेरानंच त्रिफळाचीत केलं आणि इंग्लंड जिंकलं.

त्यानंतर दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याचा संघ निवडला, त्यात १५८ काढणारा माणूस नव्हता. गदारोळ झाला. टॉम कार्टराइट दुखापतीमुळे गळला, तेव्हा डिऑलिव्हेराला घेतलं. पंतप्रधान फोर्स्टर म्हणाले, असा संघ आम्हाला चालणार नाही. दौरा रद्द झाला. दोन वर्षांत दक्षिण आफ्रिका आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून बाहेर पडली, ती थेट १९९१ पर्यंत. हे सगळं जार्मनच्या एका झेलामुळे झालं असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर मीही तेच पहिलीतलं गणित मांडेन. वर्णद्वेषाविरुद्ध लढणारे असंख्य लोक होते. पण डिऑलिव्हेरा ३१ वर बाद झाला असता तर त्याला वगळण्याबद्दल कुणी ब्रही काढला नसता, हेही खरं.

गंमत अशी की त्याच ओव्हलवर, ऑस्ट्रेलियाविरुद्धच, २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या दुसऱ्या माणसाला जीवदान मिळालं. केविन पीटरसन १५ वर असताना शेन वॉर्नच्या हातून स्लिपमध्ये झेल सुटला. वॉर्न हॅम्पशायरचा कर्णधार, पीटरसन हॅम्पशायरचाच खेळाडू! पीटरसननंही बरोबर १५८ काढल्या आणि ॲशेस इंग्लंडकडे आली. वॉर्ननं त्या मालिकेत ४० बळी घेतले होते. त्याला कुणी 'झेल सोडणारा' म्हणून ओळखतं का?

फोन ठेवायच्या आधी बाबांनी आणखी एक सांगितलं. १० नोव्हेंबर १९९१ ला दक्षिण आफ्रिकेचा संघ एकवीस वर्षांनी परत खेळायला उतरला तो कोलकात्याला, ईडन गार्डन्सवर, भारताविरुद्ध. त्यांचा सलामीवीर अँड्र्यू हडसन शून्यावर गेला. गोलंदाज कपिल देव. "आणि झेल कुणाचा? किरण मोरे! बघ, त्यालाही पुढचा चेंडू आलाच ना?" आर्लॉट तेव्हा हयात होते. त्यानंतर महिनाभरानं, १४ डिसेंबरला ते गेले.

पुढच्या रविवारी पोरगा मैदानावर गेला. उत्साहानं नव्हे, पण गेला. बुधवारच्या सरावात प्रशिक्षकांनी सगळ्याच मुलांना उंच झेलांचे चाळीस-चाळीस चेंडू दिले. त्याला त्या मोसमात आणखी दोन सुटले, तीन मिळाले. ग्रुपवरच्या लोण्याच्या वड्या आता दुसऱ्यांना जातात आणि त्या पाठवणाऱ्यांत हाही असतो, हे मला काही आवडलेलं नाही. मी त्याला सांगितलंय, दुसऱ्याच्या हातून गेला तरी 'सुटला'च म्हणायचं. एवढं मराठी तरी त्याला यायला हवं.

तिकडे असलेल्या आजी-आजोबांना एक विनंती. नातवंडं फोनवर हरल्याचं सांगतील तेव्हा "जाऊ दे रे" म्हणून विषय बदलू नका. ऊन कुठून होतं, हात कुठे होते, ते विचारा. त्यांना सगळं सांगायचं असतं, आणि तुमच्याकडे वेळ असतो. इथे आम्ही स्कोअर लिहीत बसलेलो असतो.